ब्लोअर घेण्याआधी पाचोळ्याची जागा ठरवा : सोसायटीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

लिफ्टशेजारच्या फलकावर आपली सूचना लागली आहे. आवारातला पाचोळा काढण्यासाठी पेट्रोलवर चालणारे, पाठीवर अडकवायचे आणखी दोन ब्लोअर (हवेच्या झोताने पानं लोटणारी यंत्रं) घेतले जाणार आहेत. पहिली फेरी सकाळी सातला, दुसरी दुपारी चारला, आणि शेवटी नेहमीचं वाक्य : सभासदांनी सहकार्य करावे. सहकार्याला माझी ना नाही, पण त्याआधी काही बोलायचं आहे. पहिला ब्लोअर आला तेव्हापासून मी कार्यालयात अर्ज देत आलो आहे. प्रत्येक अर्जाच्या माझ्याकडच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आहे आणि शिक्क्याच्या पुढे काहीही नाही. म्हणून हे पत्र खुलं.

आपल्या सोसायटीचं नाव मी लिहिलेलं नाही. बाणेर, वाकड, खराडी, हडपसर, कुठलंही मोठं संकुल घ्या, पानगळीत सकाळी तोच घरघराट ऐकू येतो. तिथल्या लोकांनीही हे वाचावं, अशी इच्छा आहे.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे "काकांना यंत्रांचं वावडं आहे" हा शेरा टळेल. माझी सगळी नोकरी भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे दाबयंत्रांच्या विभागात, गेली. यंत्रांनीच माझं घर चालवलं. त्याच यंत्रांनी माझ्या कानांतले वरचे स्वर नेले. आमच्या उमेदीच्या काळात कानात बोळे घालणाऱ्याला लोक हसत. आज दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. ब्लोअर खिडकीखाली आला की तो आवाज श्रवणयंत्र मोठा करून कानात ओततं. यंत्र काढून ठेवलं तर दाराची बेल ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, बायकोची हाक तर नाहीच. तिचं म्हणणं, त्यात नवीन काय. असो. पण आवारात माझ्या वयाची माणसं कमी नाहीत, रात्रपाळी करून सकाळी झोपणारी मुलं आहेत, तान्ही बाळं आहेत. सकाळी सातची वेळ ठरवताना त्यांच्यापैकी कुणाला विचारलं होतं?

दुसरी गोष्ट म्हणजे ही झाडं. बारा-तेरा एकरांचं आपलं आवार. ओढ्याच्या कडेचे पर्जन्यवृक्ष इमारतींच्या आधीपासून उभे आहेत. बाकीची बरीचशी झाडं आम्ही सुरुवातीच्या सभासदांनी लावली : करंज, कडुनिंब, देशी बदाम, गुलमोहर, सोनमोहर. क्लब हाऊसमागचा पिंपळ कुणीच लावला नाही, तो आपसूक आला. या सगळ्यांची पानं एकदम गळत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत बदामाची मोठी पानं लाल होऊन खाली येतात. मग पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर, ज्यांची पर्णिका नखाएवढी. कडुनिंब पिवळा पडतो आणि पाडव्याच्या आसपास नव्या पालवीत उभा असतो. पिंपळ तांबूस फुटतो, आणि करंज मार्च-एप्रिलमध्ये जुनी पानं टाकता टाकताच पोपटी होऊन जातो. म्हणजे जवळजवळ चार महिने कुठलं ना कुठलं झाड पानं टाकत असतं. इतका मोठा पसारा दोन-चार माणसांनी खराट्याने उरकावा, असं माझं म्हणणं नाही. यंत्र लागणार हे मला मान्य आहे. कुठलं, हा प्रश्न आहे.

कारखान्यात आम्हाला पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवत. माल हलवायचा तर आधी तो कुठे जाणार ते ठरवा, आणि वाटेत त्याला जितक्या कमी वेळा हात लागेल तितका खर्च कमी. ब्लोअर या नियमाच्या बरोबर उलटं करतो. तो पाचोळा उचलत नाही, इकडचा तिकडे लोटतो. बी विंगसमोरच्या रस्त्यावरची पानं मेंदीच्या कुंपणाखाली जातात, वाहनतळातली ओढ्याच्या भिंतीशी. दुपारी वारा सुटला की त्यातली बरीच पुन्हा रस्त्यावर येतात. मग आपण दुसरी फेरी लावता. पहिल्या यंत्राने काम झालं असतं तर दुसऱ्या फेरीची आणि आणखी दोन यंत्रांची गरजच पडली नसती, हे आपल्या सूचनेतच लिहिलेलं आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. शेवटी गोण्या भरायला माणूस लागतोच. तो वाकतो, पानं गोळा करतो, गोणी बांधतो. ब्लोअरने त्याचं काम वाचवलं नाही, त्याच्या आधी एक फेरा वाढवला.

आता तक्रारी.

धूळ. ती माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. अशा ब्लोअरच्या नळीतून हवा ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या घरात वेगाने बाहेर पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होते. नळीच्या तोंडापासून दूर गेल्यावर वेग झपाट्याने कमी होतो हे मला ठाऊक आहे. पण जमिनीवर जे पडलेलं असतं ते नळीच्या तोंडाशीच असतं. बदामाचं पान मोठं, ते फार वर न जाता पुढे सरकतं. पर्जन्यवृक्षाच्या पर्णिका मात्र धुळीत मिसळून पडलेल्या असतात, त्यांना धुळीपासून वेगळं करणं कुठल्याही झोताला जमत नाही. त्यामुळे पानांबरोबर सगळंच उडतं : टायरची झीज, पारव्यांची वाळलेली विष्ठा, सिमेंटची भुकटी, बुरशी. खराट्यानेही धूळ उडते, पण गुडघ्याएवढी. ब्लोअरची धूळ पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

आणि वेळ कुठली निवडली, तर सकाळी सात. पुण्यात हिवाळ्यात आणि फेब्रुवारीपर्यंत पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे खालचा धूर-धूळ वर जात नाही, ऊन तापेपर्यंत तिथेच रेंगाळते. त्याच वेळी मुलं शाळेच्या बससाठी फाटकाशी उभी असतात आणि ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारत असतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांची यादी आहे, आणि तीत पुणे आहे. शहर रस्त्यावरची धूळ कमी करायला पैसे खर्च करतं आणि आपण फाटकाच्या आत ती पैसे देऊन उडवतो.

इंजिन. ज्यांनी लुना किंवा जुनी चेतक चालवली आहे त्यांना पेट्रोल पंपावर ऑईल मिसळून घेणं आठवत असेल, आणि मागे सुटणारा तो निळसर धूरही. हेच टू-स्ट्रोक इंजिन बहुतेक पेट्रोल ब्लोअरमध्ये असतं. त्याच्या रचनेतच खोट आहे : सिलिंडरमधला जळालेला वायू बाहेर ढकलायला नवं मिश्रण आत येतं आणि त्यातलं काही न जळताच सोबत निघून जातं. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी ही इंजिनं आपल्या रस्त्यांवरून हद्दपार झाली. ती आता बागेच्या वाटेने परत येत आहेत. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने केलेली एक तुलना प्रसिद्ध आहे : व्यावसायिक वापराचा पेट्रोल ब्लोअर तासभर चालवला, तर धुरकं तयार करणारी जेवढी प्रदूषकं बाहेर पडतात, तेवढी २०१६ सालची टोयोटा कॅम्री सुमारे १,१०० मैल चालवल्यावर पडतात. आपल्या हिशेबात पुण्याहून निघून दिल्ली ओलांडून चंदीगडच्या आसपास पोचलात. ही तुलना कार्बन डायऑक्साइडची नाही, धुरक्याच्या घटकांची आहे. गाडीला धुरातली प्रदूषकं कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ब्लोअरला बहुधा नसतो, म्हणून एवढा फरक. त्या राज्याने २०२१ साली कायदा करून अशा छोट्या पेट्रोल इंजिनांची नवी विक्री २०२४ पासून बंद करायचं ठरवलं. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये तर १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोल ब्लोअर वापरायलाच बंदी आहे. जिथे हे यंत्र घरोघरी पोचलं तिथले लोक ते मोडीत काढत आहेत, आणि आपण कोटेशन मागवत आहोत.

आवाज. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. हा आकडा ठरावीक काळाच्या सरासरीचा असतो, त्यामुळे क्षणभराच्या गोंगाटावर बोट ठेवून कायदा मोडला असं मी म्हणणार नाही. पण पाठीवरच्या मोठ्या ब्लोअरचा पन्नास फुटांवरचा आवाज माहितीपत्रकांतच सत्तर डेसिबलच्या पुढेमागे दिलेला असतो. आपल्या इमारती समोरासमोर आहेत. दोन भिंतींच्या मध्ये तो आवाज घुमतो. शिवाय त्यात खालच्या पट्टीचा घरघराट जास्त. तो बंद खिडकीलाही जुमानत नाही.

यावर "तेवढं सहन करा, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे" असं मला एका समिती सदस्यांनी जिन्यात सांगितलं. ठीक, मी करतो. पण ज्याच्या पाठीवर ते यंत्र असतं त्याचं काय? ठेकेदाराने आणलेला तो मुलगा विशीतला असेल. दहा किलोच्या आसपास वजन पाठीवर, हाताला सतत कंप, तोंडाला रुमाल, आणि कानाला काही नाही. चालवणाऱ्याच्या कानाशी हा आवाज शंभर डेसिबलच्या जवळ जातो. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा साधा हिशेब प्रेस शॉपच्या भिंतीवर लावलेला असायचा : ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. तो मुलगा आपल्या आवारात सकाळी दोन तास असतो, मग शेजारच्या संकुलात जातो. त्याचे कान कसे जाणार आहेत ते मला नेमकं सांगता येईल, कारण त्या वाटेने मी गेलो आहे : आधी कुकरची शिट्टी आणि पक्षी जातात, मग बायका-मुलांच्या आवाजातली व्यंजनं. गेलेलं परत येत नाही. कानावरचे मफ काही महाग नसतात. ब्लोअरच्या मॅन्युअलमध्ये ते वापरा असं लिहिलेलंच असतं. ते मॅन्युअल आपल्या कार्यालयात कुणी उघडलं आहे का?

याच संदर्भात विचारतो : पहिला ब्लोअर आल्यावर झाडणाऱ्या मावशींपैकी ज्यांना ठेकेदाराने कमी केलं, त्यांचं पुढे काय झालं? "ठेकेदाराची बाब" हे उत्तर मला मिळालं आहे, ते पुन्हा नको. कामाचा आदेश आपल्या सहीने निघतो.

माती. आपला माळी आता फुलझाडांच्या वाफ्यांवर आणि झाडांच्या आळ्यांतही ब्लोअर फिरवायला लागला आहे. कारण तसं "स्वच्छ" दिसतं आणि मासिक पाहणीत गुण मिळतात. त्या स्वच्छतेखाली करंजाची मुळं उघडी पडली आहेत, जाऊन बघा. वरचा भुसभुशीत थर उडून गेला की उरते ती टणक जमीन. तिच्यावर पाणी टाका, ते वाहून रस्त्यावर येतं. एप्रिल-मेमध्ये आपण टँकर मागवतो, आणि ज्या पाचोळ्याने जमिनीतला ओलावा धरून ठेवला असता तो मार्चमध्ये आपणच गोण्यांत भरून बाहेर पाठवलेला असतो. झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली दिल्लीच्या झाडांसाठी सांगावं लागलं. आपल्याकडे सिमेंट ओतलेलं नाही, तरी तोच परिणाम वाऱ्याने साधत आहोत.

पाचोळ्यात कोण राहतं, हा विषय समितीला हळवा वाटेल, म्हणून थोडक्यात. सातभाईंचा थवा दिवसभर पानं उलटीपालटी करत फिरत असे, कारण पानांखाली किडे, कोळी, वाणी असतात. तो थवा आता ओढ्यापलीकडच्या रिकाम्या भूखंडावर असतो. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१९ मध्ये लोकांना सांगितलं की अगदी अपरिहार्य नसेल तर ब्लोअर वापरू नका, त्याने जमिनीवरचे कीटक मरतात. तो देश यंत्रांच्या बाबतीत मागासलेला आहे असं कुणी म्हणणार नाही.

आता हिशेब, कारण खजिनदार साहेबांनी इथपर्यंत वाचलं असेल तर याचसाठी. आपल्या जमाखर्चात खतप्रकल्पाखाली कोकोपीट आणि कल्चरचा (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाचा) खर्च आहे. म्हणजे तिकडे पोल्लाचीच्या बाजूने नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या विटा करून ट्रकने इथे आणायच्या, त्या विकत घ्यायच्या, आणि ओल्या कचऱ्यात मिसळायच्या. कशासाठी? कारण स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी. खत नीट होण्यासाठी कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण पंचवीस-तीसास एक असावं लागतं. नुसता ओला कचरा त्याच्या बराच खाली असतो, म्हणून तो सडतो, पाणी सोडतो आणि वास मारतो. सुक्या पानांत हे प्रमाण चाळीस ते ऐंशीपर्यंत असतं. दोन्ही मिसळले की काम होतं. खतखड्ड्याच्या वासाची तक्रार डी विंगवाले दर सभेत करतात, आणि त्या वासाचं औषध त्याच वेळी गोण्या बांधून फाटकाबाहेर चाललेलं असतं. घरातलं लोणी विकून बाजारातून तूप आणण्यासारखा हा व्यवहार आहे.

त्यातही गंमत अशी की या खतप्रकल्पाच्या नावावर आपण महापालिकेकडून मिळकतकरात सवलत घेतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांवर जबाबदारी टाकली की कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, आणि बागेचा कचरा वेगळा साठवावा. आपलं आवार त्या मर्यादेच्या दसपट आहे.

गोण्या कुठे जातात, हे मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. "टाकतो बाहेर" म्हणाला. बाहेर म्हणजे कुठे ते त्याने सांगितलं नाही, आणि समितीनेही कधी विचारलं नसावं. नदीकाठच्या रस्त्याला संध्याकाळी पेटलेले पाचोळ्याचे ढीग पुण्यात कुणी पाहिलेले नाहीत असं नाही. हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणात जाळण्याला पंचवीस हजार रुपये भरपाई आहे. आपला पाचोळा जळतो असा माझा आरोप नाही. तो जळत नाही असं आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही, एवढंच म्हणतो.

आपली बाजूही मी ऐकली आहे, आणि त्यातलं बरंच रास्त आहे. जूनच्या आधी पावसाळी गटारांच्या जाळ्या मोकळ्या हव्यातच. गेल्या खेपेला बेसमेंटमध्ये पाणी आलं ते पानांनी तोंड बंद झाल्यामुळे. गच्चीच्या पन्हाळीत पानं कुजली की पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते. जनरेटर, ट्रान्सफॉर्मर आणि गॅस बँकेभोवती उन्हाळ्यात सुकी पानं असणं धोक्याचं आहे. मुलांच्या खेळायच्या जागेत ढीग असले तर साप दिसणार नाही, ही आयांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ओल्या पानांवरून रॅम्पवर दुचाकी घसरते, तेही खरं. या सगळ्या जागा रोज साफ व्हाव्यात, आणि कडक साफ व्हाव्यात. पण या जागा एकूण आवाराचा छोटा भाग आहेत. बाकीच्या जमिनीवरही तोच नियम लावल्यामुळे काम वाढलं आणि मग यंत्र लागलं.

तर मागण्या.

पहिली, नव्या दोन ब्लोअरची खरेदी थांबवा. सर्वसाधारण सभेसमोर तीन आकडे ठेवा : पाचोळा वाहून नेण्यावर वर्षाला किती, कोकोपीटवर किती, आणि ब्लोअरच्या पेट्रोल-दुरुस्तीवर किती. मी ते अर्ज करून मागितले आहेत. ते सभासदांपासून लपवण्यासारखे नसावेत.

दुसरी, त्याच पैशांत एक चांगला विजेवरचा श्रेडर, म्हणजे पानांचा चुरा करणारं यंत्र, घ्या. हेही यंत्रच आहे आणि तेही आवाज करतं, हे आधीच सांगतो. पण ते एका जागी, पंपहाऊसमागच्या शेडमध्ये, आठवड्यातून दोनदा, सकाळी अकरा ते एक चालवता येतं. ब्लोअरसारखं प्रत्येकाच्या खिडकीखाली येत नाही. आणि त्याच्यातून बाहेर पडतो तो चुरा पुन्हा उडवावा लागत नाही. बदाम आणि पिंपळाची जाड पानं कुजायला वेळ लावतात, त्यांचा चुरा केला की आकारमान खूप घटतं आणि खतखड्ड्यात सरळ मिसळता येतं. पर्जन्यवृक्षाच्या पर्णिकांना श्रेडरचीही गरज नाही, त्या तशाच घाला.

तिसरी, ओढ्याच्या भिंतीलगत तारेच्या जाळीचे गोल पिंजरे करा, पुरुषभर रुंद आणि छातीएवढे उंच. पानं भरायची, मध्ये मध्ये शेणकाला शिंपडायचा, पाणी इतकंच की मूठ दाबली तर ओल लागावी, निथळू नये. सहा महिने ते वर्षभरात खाली काळी माती तयार होते. यात कसलंही इंजिन नाही, चोरीला जाण्यासारखंही काही नाही. त्याच्यापेक्षा पाचोळा जास्त झाला तर पुण्यात ब्राऊन लीफसारखा उपक्रम २०१६ पासून सुकी पानं असणाऱ्यांची आणि हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो. गच्चीवर बाग करणारे लोक गोण्या न्यायला स्वतः येतात, असा इतर सोसायट्यांचा अनुभव आहे.

चौथी, वाफे आणि आळी यांवरची पानं उचलणं बंद. तीन-चार इंचांचा थर राहू द्या, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून. खेळायची जागा, विजेची उपकरणं आणि इमारतीचा पाया यांच्यालगत मात्र थर नको. याचा एक नकाशा करून माळ्याला द्या. मी करून देतो, निवृत्त माणसाला काम लागतंच.

पाचवी मागणी माणसांची. रस्ते आणि वाहनतळ झाडायला मावशींना परत घ्या. त्यांना लांब दांड्याचे खराटे, दंताळी, ओढून न्यायला ताडपत्री आणि चाकांची हातगाडी द्या. पानं खराट्याने ताडपत्रीवर घेतली की थेट पिंजऱ्यात जातात. मधला ढीग, मधली गोणी, मधला वारा काही नाही. मोठ्या मोकळ्या डांबरी पट्ट्यासाठी हाताने ढकलायचा स्वीपर मिळतो, तोही बघता येईल.

ब्लोअर पूर्णपणे नको, असं मी म्हणत नाही. एक बॅटरीवरचा ठेवा. बेसमेंटचे कोपरे, रॅम्प आणि पावसाळ्यात चिकटलेल्या पानांसाठी तो उपयोगी आहे. सकाळी दहाच्या आधी नको, मातीवर कधीच नको, आणि चालवणाऱ्याच्या कानावर मफ आणि तोंडाला चांगला मास्क असल्याशिवाय सुरू करायचा नाही. आत्ता जो पेट्रोल ब्लोअर आहे त्यासाठीही कान-तोंडाची ही सोय उद्यापासून हवी. त्याला सभेच्या ठरावाची गरज नाही. ठेकेदार देत नसेल तर मफची एक जोडी मी कार्यालयात आणून ठेवतो, पावती मागणार नाही.

हा विषय समितीच्या पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि निर्णय काहीही असला तरी तो कारणांसह, ज्या फलकावर सूचना लावली त्याच फलकावर लावावा. बैठकीत मला बोलायला दहा मिनिटं मिळाली तर श्रेडरची माहिती आणि पिंजऱ्याचं रेखाचित्र घेऊन येईन. एवढीच विनंती की बैठक सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ठेवू नये. त्या वेळात मला काही ऐकू येत नाही.

आपला विश्वासू,
बी विंगमधला एक सभासद
पुणे